कुंपणाकडची सरी

दिवाळी सरली, सकाळचं धुकं माळावर रेंगाळायला लागलं, की आमच्या भागात तंबाखू फुलावर येते आणि शेंडे खुडायची घाई सुरू होते. गुलाबी-पांढऱ्या फुलांचा तुरा दोन बोटांत धरायचा, अंगठ्याचं नख रुतवायचं आणि कट्कन मोडायचा. न मोडला तर झाडाचा सगळा जोर फुलाला जातो, पान पातळ राहतं, आणि पातळ पानाला कोण विचारतंय? मोडताना देठातून चीक येतो. दोन सऱ्या होईपर्यंत बोटं काळी पडतात, चार होईपर्यंत एकमेकांना चिकटतात. साबणाला तो चीक दाद देत नाही. माणसाच्या अंगाला लागलेल्या वाईट नावासारखा असतो तो, हळूहळूच जातो.

यंदा माझ्या गुडघ्यांनी दावा मांडलाय, म्हणून मी बांधावर बसून बघतो. बायका सरीसरीनं पुढं सरकतात, मागं तुऱ्यांचा सडा पडतो. वास सुटतो, कडवट आणि ओला. तो नाकात शिरला की मला आमचं शिवार दिसेनासं होतं आणि अमेरिकेतलं कॅरी गाव दिसायला लागतं. हे सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारा बढाई मारतोय. मी बढाई मारतो, नाही म्हणत नाही. पण ह्या गोष्टीत बढाई मारण्यासारखं माझं काही नाही. माझी चूक आहे, आणि एक गाणं आहे. त्या गाण्याची थोरवी कागदावर यावी म्हणून चौथीत दोनदा बसलेला मी हे लिहायला घेतलंय.

दोन हजार पाच सालचा उन्हाळा तो. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, त्याच्या आदल्या थंडीत वारली, आणि मुलगा अविनाश मला सहा महिन्यांसाठी तिकडं घेऊन गेला. कॅरीत सगळी घरं एका साच्यातून काढलेल्या विटांसारखी. अविनाश सकाळी गाडी काढून औषधाच्या कंपनीत जायचा, तिथं त्याचं कॉम्प्युटरचं काम. सूनबाई शुभांगी नागपूरची, शिकलेली, पण तिच्या व्हिसावर नोकरी चालत नव्हती. म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोन रिकामी माणसं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, सकाळपासून खिडकीत काय बघून राहिले?"

"तंबाखू."

"इथं नाही मिळत. अन् मिळाली तरी आणणार नाही. तुमचा मुलगा मला घराबाहेर काढेल."

"खायची नव्हे गं. ती बघ, उभी आहे."

घरामागं लाकडाचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडं तंबाखूचं शेत. तिथं राहून दीड वर्ष झालं तरी तिला ते ठाऊक नव्हतं. शेत आहे हे माहीत होतं, कशाचं ते नव्हतं. मला मात्र परमुलखात सख्खा भाऊ भेटल्यागत झालं. पान आमच्यापेक्षा मोठं, झाड छातीच्या वर, पण जात तीच.

शुभांगी तेव्हा गाडी शिकत होती. मला शेजारी बसवून ती रिकाम्या रस्त्यांवर फेऱ्या मारायची आणि रेडिओ लावायची. त्यावर तिथल्या खेडवळ लोकांची गाणी लागत, कंट्री म्हणतात त्यांना. त्यातलं एक जुनं गाणं दोन-चार दिवसांआड लागायचंच. एक गिटार, मागं एक तार रडल्यासारखी वाजणारी, आणि गाणाऱ्याचा आवाज चढता चढता मध्येच मोडायचा. मोडायचा तो चूक म्हणून नव्हे, मुद्दाम मोडायचा.

"हा माणूस शेतात राबलेला आहे," मी म्हटलं.

"कशावरून?"

"त्याच्या आवाजाला ऊन लागलंय."

ती हसली. गाण्याचा अर्थ विचारला तर म्हणाली, "तंबाखूचं काहीतरी आहे, बाबा. पण या लोकांचे उच्चार मलाच कळत नाहीत धड. ऑफिसातलं इंग्लिश वेगळं अन् हे वेगळं."

तंबाखूवर गाणं. ते रेडिओवर, आणि सगळा देश ऐकतो. आमच्या गावात तंबाखूच्या वखारी होत्या. नाकाला फडकी बांधून बायका दिवसभर चुरा चाळायच्या आणि चाळता चाळता गायच्या. आमची मंडळीही गायची. ती गाणी कोणी रचली, हे मी तिला कधी विचारलं नाही. वखारी बंद पडल्या, गाणी कुठं गेली देव जाणे.

जुलै निम्मा झाला. एक दिवस मोठं मशीन शेतात फिरलं आणि सगळ्या झाडांचे शेंडे कापत गेलं. आम्हाला जिथं दहा बायका आणि चार दिवस लागतात तिथं त्याला एक सकाळ लागली. मला ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी बघतो तर आमच्या कुंपणाला लागून असलेली एक सरी तशीच राहिलेली. पंचेचाळीस झाडं, फुलांनी डवरलेली. मनात म्हटलं, हे बघा मशीनचं काम. माणूस असता तर सरी विसरला नसता.

मी कुंपणाचं फाटक उघडलं आणि शिरलो. शुभांगी कपडे वाळवायच्या यंत्रापाशी होती. अर्ध्या तासात मी पंचेचाळीस तुरे मोडले. एकही पान फाटू दिलं नाही. खोटं कशाला सांगू, मंडळी गेल्यानंतर इतकं बरं मला पहिल्यांदाच वाटलं होतं. आपला हात अजून चालतो, हे कळलं.

शेताच्या टोकाला रस्त्यावर पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारी भाजी विकायची. मिस ओपल. तिथं म्हाताऱ्या बाईलासुद्धा मिस म्हणतात आणि पुढं नाव लावतात, तो मान असतो. वय ऐंशी, काठीसारखी सरळ. शेत तिच्या वडिलांचं, कसायचा तिचा भाचा. शुभांगी तिच्याकडून मका न्यायची तेव्हा मला बाबा म्हणायची, म्हणून मिस ओपल मला मिस्टर बाबा म्हणायची. मी तसाच तिच्यापुढं गेलो आणि दोन्ही हात वर करून दाखवले. काळे, चिकट. शाबासकी घ्यायला गेलो होतो मी.

तिनं हात बघितले आणि तोंडभर हसली. मग एक हिरवा टोमॅटो घेऊन चिरला आणि माझ्या हातावर पिळून चोळायला लावला. चीक सुटायला लागला. सत्तर वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकमेकांची भाषा येत नसलेली आम्ही दोन तंबाखूची माणसं, टोमॅटोचं पाणी हातावर घेऊन हसत उभी होतो. मग मी अभिमानानं कुंपणाकडं बोट केलं.

तिचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतनं निघून गेलं. ती टोमॅटो ठेवून शेतातनं चालत सुटली, मी मागं. सरीपाशी आली आणि थांबली. ओरडली नाही. वाकून एकेक तुरा उचलायला लागली आणि ॲप्रनमध्ये ठेवायला लागली. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस. मी मदतीला वाकलो तर तिनं हात आडवा केला.

घरी आल्यावर शुभांगीनं डोक्याला हात लावला. "दुसऱ्याच्या जागेत शिरले, बाबा? इथं लोक बंदुका ठेवून राहतात."

"मी चोरी केली का? काम केलं फुकटात."

"कोणी सांगितलं होतं करायला?"

"काम सांगावं लागतं होय?"

रात्री जेवलो नाही, पण वरमलोही नाही. मी तसाच आहे.

सकाळी शुभांगी मला ओढत मिस ओपलच्या घरी घेऊन गेली. व्हरांड्यात तीन खुर्च्या होत्या. टेबलावर काचेच्या बरणीत माझे तुरे, माना टाकलेले. म्हातारी बोलत गेली आणि शुभांगी मला सांगत गेली. पहिलं वाक्य सांगतानाच ती अडखळली.

"बाबा, ते रेडिओवरचं गाणं आहे ना. ते या सरीचं आहे."

मी म्हटलं, "कसं काय?"

मिस ओपल सात वर्षांची होती तेव्हा तिचे वडील ह्याच शेतात शेंडे खुडत होते. त्यांना क्षय झाला होता. दुपारी डोंगरातल्या दवाखान्यात न्यायला गाडी आली, तेव्हा कुंपणाकडची एक सरी राहिली होती. ते बायकोला म्हणाले, हिला हात लावू नको, आल्यावर मी करतो. ते आलेच नाहीत. त्या वर्षी ती सरी तशीच उभी राहिली. पुढच्या वर्षी तिच्या आईनं कुंपणाकडची सरी पुन्हा राखली. त्याच्या पुढच्या वर्षीही. कोणाला खुडू दिली नाही.

त्या काळी पानं खुडून झाली की बायका पान वाळवायच्या भट्टीच्या सावलीत टेबलाभोवती उभ्या राहून ती काठ्यांना बांधायच्या. मिस ओपलची आई बांधताना गुणगुणायची. तो एक सरी ठेवून गेला, मी ती खुडणार नाही, एवढंच. एक कडवं झालं. एका शेजारणीनं एक ओळ जोडली, दुसरीनं आणखी एक, दुसरं कडवं झालं. कोणी लिहिलं नाही. पंचक्रोशीतल्या सगळ्या भट्ट्यांवर ते पोचलं. मग लिलावाच्या वखारीत माल उचलायला आलेल्या एका गिटारवाल्यानं ते ऐकलं आणि तबकडी काढली. त्याच्यानंतर कितीजणांनी गायलं त्याला गणती नाही.

"पण दोन कडव्यांचं गाणं चालेना त्यांना," शुभांगी सांगत होती. "म्हणून त्या माणसानं तिसरं रचलं. त्यात तो नवरा परत येतो अन् स्वतःच्या हातानं ती सरी खुडतो."

"मग हिच्या आईनं भांडण नाही काढलं? आपलं गाणं म्हणून?"

शुभांगीनं माझा प्रश्न तिला विचारला. म्हातारीनं नाही म्हणून मान हलवली. नाव लागलं नाही, ह्याचं तिच्या आईला काही नव्हतं. घरात रेडिओ आल्यावर ते गाणं लागलं की ती काम टाकून उभी राहायची, दोन कडवी ऐकायची आणि तिसरं सुरू व्हायच्या आत जाऊन रेडिओ बंद करायची. मरेपर्यंत. मिस ओपल ऐंशी वर्षांची झाली, तिनंही तिसरं कडवं कधी गायलं नाही.

बाहेर ऊन चढत होतं आणि शेतावरनं तोच वास येत होता. काय सांगू, अंगावर काटा आला माझ्या. डोंगर, नदी, समुद्र थोर असतात, हे मला ठाऊक होतं. पण एक बाई एक सरी न खुडता ठेवते, आणि त्या सरीतनं गाणं उठतं आणि एवढ्या अफाट देशावर पसरतं. ट्रक चालवणारे ऐकतात, दुकानात सामान भरणारे ऐकतात, गाडी शिकणारी नागपूरची पोरगी ऐकते. आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नाही की ती सरी अजून उभी आहे. नव्हे, कालपर्यंत उभी होती.

मग तिनं शेवटचं सांगितलं. ऑगस्टच्या एका रविवारी तिच्या चर्चचं होमकमिंग असतं, म्हणजे घरी परतायचा दिवस. ज्यांची माणसं तिथल्या मातीत आहेत ते सगळे लांबलांबनं येतात, झाडाखाली टेबलं मांडून एकत्र जेवतात. त्या दिवशी ती सरीतली फुलं आईच्या थडग्यावर ठेवते आणि चर्चमध्ये ते गाणं म्हणते. यंदा भाच्यानं शेत बिल्डरला विकलं होतं. हे शेवटचं पीक. पुढच्या उन्हाळ्यात तिथं घरं.

म्हणजे शेवटच्या वर्षाची फुलं मी मोडली होती.

भावकीत, कोर्टात, पंचायतीत, मी आयुष्यात कुठं चुकलो म्हटलेलं नाही. म्हणायची वेळ आली तेव्हा उठून गेलोय. इथं उठता येईना. मी म्हटलं, "तिला सांग, माझा हात चुकला."

शुभांगी माझ्याकडं बघत म्हणाली, "हात की तुम्ही?"

"दोन्ही. सांग."

तिनं सांगितलं. मी विचारलं, तो रविवार किती लांब आहे? पाच आठवडे. मी बोटांवर मोजलं आणि म्हटलं, "तिला सांग, फुटवे काढू नको. त्या सरीला औषध मारू देऊ नको."

ज्यानं तंबाखू केली नाही त्याला सांगतो. शेंडा मोडला की झाड गप्प बसत नाही. आठ-दहा दिवसांत पानांच्या बगलेतनं फुटवे काढतं. ते आपण दर आठवड्याला मोडतो, तिकडं फवारून जाळतात. पण नाही काढले तर त्यांनाही फूल येतं. साधारण महिना-सव्वा महिना लागतो. साधारण. झाड काही माझ्या बापाचा नोकर नव्हे. मिस ओपलला हे ठाऊक असणारच, पण त्या सरीचा शेंडा कधी मोडलाच नव्हता, म्हणून तिथला फुटवा तिनं कधी बघितला नव्हता.

मग पाच आठवडे मी त्या सरीचा गडी झालो. भाच्याचा ट्रॅक्टर फवारायला आला त्या सकाळी वारा आमच्या कुंपणाकडं होता. मी घरातल्या सगळ्या चादरी काढल्या आणि झाडांवर घातल्या.

"बाबा, ती लग्नातली आहे," शुभांगी फाटकातनं ओरडली.

"मग शुभ आहे. दुसरं टोक धर."

तिनं धरलं. ट्रॅक्टरवरचा भाचा, टोपीवाला आडदांड माणूस, ते बघून थांबला. काय समजला कोण जाणे. त्यानं टोपीला हात लावला आणि शेजारच्या चार सऱ्या न फवारता सोडून दिल्या.

पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्यात बगलांमधनं हिरवे ठिपके आले. मी प्रत्येक झाडावर दोन जोरकस फुटवे राखले, बाकीचे काढले, जोर वाटला जाऊ नये म्हणून. तिसऱ्यात ते वीतभर झाले. त्या आठवड्यात पाऊसच नव्हता. मी बादलीनं पाणी घातलं. शुभांगी रबराची नळी घेऊन आली आणि म्हणाली, "तुम्ही मागणार नाही, मीच आणायची." चौथ्यात कळ्या दिसल्या, हिरव्या, मिटलेल्या, आणि तशाच राहिल्या. मी रोज पहाट झाली की जाऊन बघायचो. मिस ओपल तिच्या व्हरांड्यातनं मला बघायची. एकदा तिनं हात वर केला. एकदा नाही केला. देवाकडं मी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, मागायची लाज वाटते. त्या कळ्यांसाठी मागितलं.

शुक्रवारी एक उमलली. शनिवारी नऊ. रविवारी सकाळी फेटा बांधून मी शेतात गेलो, तर सरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुलाबी. तुरे लहान होते, पण एका झाडावर दोन-दोन.

मिस ओपल निळ्या झग्यात आली, हातात कात्री. सरीच्या कडेनं एकदा चालत गेली. मग शुभांगीला काहीतरी म्हणाली, हळू. शुभांगीनं मला सांगितलं तेव्हा तिचाही आवाज उतरला होता.

"त्या म्हणून राहिल्या, इतक्या वर्षांत या सरीला कोणी हात लावला नव्हता. तुम्ही लावला. म्हणजे वडिलांचं राहिलेलं काम झालं, असं समजावं का? आज त्यांनी तिसरं कडवं म्हणावं का? तुम्हाला विचारताहेत."

मला. चौथी नापास माणसाला. हो म्हटलं असतं तर माझी चूक पुण्य होऊन गेली असती. तेवढी संधी देवानं दिली होती, आणि घ्यावीशी वाटली, खोटं नाही बोलत. पण तंबाखूच्या कामात मी कधी खोटं सांगितलेलं नाही.

"तिला सांग, काम झालं नाही. नुसता शेंडा मोडून खुडणी होत नाही. शेंडा मोडणाऱ्यानं पुन्हापुन्हा येऊन फुटवे काढले तर ती झाली म्हणायची. फुटवे उभे आहेत. तिच्या बापाचं काम अजून बाकी आहे."

शुभांगी सांगत असताना मी म्हातारीच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं ऐकलं, एका फुटव्याला बोट लावलं, आणि हसली. टोमॅटो पिळताना हसली होती तशी. मग म्हणाली, "येस सर, मिस्टर बाबा." एवढं मलाही कळलं.

चर्च लहान, पांढरं. बाकं भरलेली, लोक कागदी पंख्यांनी वारा घेत होते. सगळ्यांनी माझ्या फेट्याकडं बघितलं, मी सगळ्यांकडं बघितलं. बाहेर झाडाखाली झाकलेली भांडी मांडून ठेवली होती. आईच्या थडग्यावर फुलं ठेवून मिस ओपल आत आली आणि पुढं उभी राहिली. गिटार नाही, रडणारी तार नाही. तिचा आवाज म्हातारा होता, कोरडा, आणि जिथं मोडायचा तिथंच मोडला. तेव्हा मला कळलं की रेडिओवरच्या सगळ्या हॅटवाल्या गायकांनी ते मोडणं कुठनं घेतलंय. त्यांना ठाऊकही नसेल. भट्टीच्या सावलीत पान बांधताना एका बाईचा गळा जिथं भरून आला, तिथं आजही सगळ्यांचा आवाज मोडतो.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. ती थांबली.

कोणी टाळी वाजवली नाही, कोणी उठलं नाही. पंखे थांबले. पुढच्या बाकावरच्या भाच्यानं टोपी मांडीवर घट्ट धरली होती. सगळ्यांना पुढचं कडवं पाठ होतं, देशभर सगळ्यांनाच आहे, आणि कोणीही ते म्हणत नव्हतं. एक आख्खं कडवं म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते शंभरजण गप्प बसून राहिले. मी तशी शांतता देवळातही ऐकलेली नाही.

शुभांगी माझ्या कानाशी पुटपुटली, "बाबा, संपलं का?"

मी तिचा हात दाबला. अजून चालू होतं.